लाल रंगाखालची रेघ

३ जून, मंगळवार

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार घालायला खाली वाकलो तर गुडघे परत उठू देणार नाहीत, म्हणून उभ्यानेच घालतो. गोड मानून घ्या.

चार वर्षांत तुमच्या या दिराने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम पाकीट बघून तुम्ही म्हणाल, भाऊजींचं काहीतरी अडलेलं दिसतंय. अडलंयच. पण तिथे हळूहळू येतो. एका दमात बोलायची माझी छाती नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आधी संग्रहालयाची खुशाली. दादाने आणि तुम्ही त्या बंद पडलेल्या अग्निशमन केंद्रात पहिली गाडी ढकलत आणली, तेव्हा लोक हसले होते. आता सव्वीस मोटारी आणि एकोणीस मोटारसायकली झाल्या. दर रविवारी दहा ते पाच उघडं असतं. पगार अजून कोणालाच नाही आणि रुबाब मात्र सगळ्यांना आहे. डेंटिस्टसाहेबांनी दवाखाना कायमचा बंद केला. ज्या बारीक आकड्यांनी त्यांनी अख्ख्या गावाचे दात खरवडले, त्याच आकड्यांनी ते आता कार्बोरेटरची भोकं साफ करतात. म्हणतात, हे पेशंट ओरडत नाहीत. तुमची रजिस्टरं मुख्याध्यापिकाबाईंनी हातात घेतली आहेत. तुम्ही आखलेले रकाने त्यांनी बदलले नाहीत, तशी कोणाची हिंमतही नाही.

मागच्या रविवारी साइडकारवाली मोटारसायकल सुरू झाली. बत्तीस वर्षं बंद होती. आपला वायरमन, ज्याला सगळे 'शॉक' म्हणतात, त्याने अकराव्यांदा किक मारली आणि तिने एक ठोका दिला. मग काहीच नाही. मग दुसरा ठोका. त्या दोन ठोक्यांच्या मधे आम्ही नऊ माणसं श्वास धरून उभी होतो. तिसऱ्यानंतर ती जी लागली, ती थांबेचना. शॉक टाकीवर हात ठेवून ढसाढसा रडला. मीही रडलो, पण मी धुराचं निमित्त केलं.

आणि आपली लाल मोटार, कोंबडी. लोक आत आले की अजून आधी तिच्याकडेच जातात. मी दिलेली लाल रंगाची अकरा पुटं, त्यात आपला चेहरा बघून केस सारखे करतात. तिच्या डाव्या मागच्या दाराच्या मुठीखाली एक फोड आला आहे, शेंगदाण्याएवढा. ओल धरली असेल.

एक विचारायचं होतं. तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का? सहज विचारतो, विशेष काही नाही.

तुमचा भाऊजी


१४ जून, शनिवार

ती. वहिनींस,

तुमचं कार्ड पोचलं. चार वर्षांनी तुमचं अक्षर दिसलं आणि तेही एकच शब्द: 'होती.' खाली सहीसुद्धा नाही. मी ते सदऱ्याच्या खिशात घालून दोन दिवस हिंडलो आणि भेटेल त्याला सांगितलं, वहिनींचं पत्र आलं. काय लिहिलंय असं कोणी विचारलं की विषय बदलला.

विशेष काही नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. तो फोड मी अंगठ्याच्या नखाने दाबला. तुम्हाला पत्र लिहायच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार होता, सकाळची वेळ, आत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दाबला आणि माझा लाल रंग, त्याखालचं अस्तर, सगळं एका चकतीत सुटून तळहातावर आलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तसं. खाली हिरवा रंग होता. बाटलीच्या काचेचा असतो तसा काळपट हिरवा. आणि त्या हिरव्यावर एक साईच्या रंगाची रेघ.

वहिनी, मी पन्नास वर्षं पाट्या रंगवल्या. रेघ म्हणजे काय ते मला कळतं. ही रेघ गव्हाच्या काडीइतकी जाड होती आणि तिची कड कुठेही हललेली नव्हती. फूटपट्टी नाही, दोरी नाही, चिकटपट्टी नाही. नुसत्या हाताने ओढलेली. मी खालीच बसलो. पुढच्या दारावर कोणीतरी ठोठावलं तेव्हा मी घाईने त्या जागेवर 'हात लावू नये'ची चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन गेलो. ब्रश टेकतो तिथे रेघेला अगदी बारीक पोट येतं आणि उचलतो तिथे शेपटी निघते. आमचा उजवा हात डावीकडून निघतो आणि उजवीकडे जातो. गाडीच्या डाव्या अंगाला उभं राहिलं तर याचा अर्थ बॉनेटकडून डिकीकडे. या रेघेची शेपटी बॉनेटकडे होती. ती उलटी आली होती. म्हणून तुम्हाला तो प्रश्न विचारला.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण माझ्या बाजूने ते कसं होतं ते मी कधी बोललो नाही. लग्न होऊन आलात तेव्हापासून तुम्ही सांगायचात, की माझी आई गाड्यांचे सांगाडे बांधायच्या कारखान्यात रेघा मारायची, तिने एका मोठ्या गाडीला कमरेभोवती रेघ मारली आणि त्यानंतर काम सोडलं. तुम्ही चार वर्षांच्या असताना त्या गेल्या. त्यांचा फोटो नाही, कागद नाही, फक्त ही गोष्ट. ती ऐकून सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. बाईमाणसाला कारखान्यात रेघेला कोण हात लावू देईल, असं मी म्हणायचो. रेघ शेवटी मारतात. ती बिघडली तर महिन्याचं काम वाया जातं.

दादा हसला नाही. त्याने अकरा वर्षं त्या कारखान्याच्या गाड्या हुडकल्या. शेवटी हीच एक सापडली, कोंबड्यांच्या खुराड्यात, आसनांवर अंडी. तिचं नाव तिथेच पडलं. अंगावर कोणीतरी फासलेला तपकिरी रंग होता. तो जसाच्या तसा ठेवून दादा वारला.

मग मी तो तपकिरी रंग काढला आणि तिला लाल केली. काढताना एवढा एक तुकडा चुकून राहून गेला असणार. बाकी काय?

तुमचा भाऊजी


२२ जून, रविवार

ती. वहिनींस,

चुकून राहून गेला नाही. हे पत्र मी तीनदा फाडलं आहे, चौथ्यांदा फाडणार नाही.

मी तो रंग काढलाच नाही.

दादाचा नियम तुम्हाला पाठ आहे. कोणत्याही गाडीला नवा रंग द्यायचा तर आधी खिडकी. दाराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासत पत्र्यापर्यंत जायचं, म्हणजे आजवर दिलेल्या रंगांची कडी एकात एक दिसतात. मग ती रजिस्टरात लिहायची. त्यानंतरच ब्रश. दादाला जाऊन महिना झाला होता, उद्घाटनाला सहा आठवडे होते. तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीत: भाऊजी, खिडकी नीट उघडा, आईची रेघ आहे का बघा.

मी बॉनेटवर चार इंच घासलं आणि खांदा धरला. हे कारण मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण दुसरं आहे. मला ती रेघ सापडायला नको होती. त्या गाडीवर माझी रेघ असावी असं मला वाटत होतं. दादाने दुसऱ्या कोणाच्या हाताची एक रेघ बघायला अकरा वर्षं घालवली. माझ्या पाट्या या गावात सत्तर दुकानांवर होत्या. एकीखाली उभं राहून त्याने कधी मान वर केली नाही. आता तो नव्हता, भांडायलाही कोणी नव्हतं. मग मी तपकिरी रंगावर सरळ अस्तर मारलं आणि अस्तरावर लाल.

आणि खिडकी? ती मी रंगवली, वहिनी. दाराच्या आत, सगळ्यांत बारीक ब्रशने, एकात एक कडी. तपकिरी, अस्तराचा राखाडी आणि मधोमध पत्र्याचा चंदेरी ठिपका. त्यात हिरवा कुठेच नव्हता. आयुष्यात इतकं सफाईदार काम मी केलं नाही, आणि ते कोणाला दाखवताही येत नाही. रजिस्टरात लिहिलं, 'मूळ पत्र्यापर्यंत तपासले. तपकिरीखाली काही नाही.' खाली माझी झोकदार सही.

तुम्ही चष्मा लावून त्या खिडकीत बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "काहीच नाही का हो, भाऊजी?" मी म्हणालो, "काहीच नाही, वहिनी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी माईक हातात आला आणि मला चेव चढला. "आमच्या वहिनींच्या आईची रेघ बहुतेक कोंबड्यांनी टिपून खाल्ली!" दीडशे माणसं हसली. तुम्हीही थोडं हसलात, ते मला दिसलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरं आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून तुम्ही गेलात. किल्ल्यांना प्रत्येक दाराची चिठ्ठी लावलेली होती.

मी तुमची आई तुमच्यापासून काढून घेतली. यापेक्षा सौम्य शब्द मी शोधला, मिळाला नाही. गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, मी काम चोरलं म्हणून रेघ वाचली. इमानाने अख्खी गाडी पत्र्यापर्यंत घासली असती तर आज खाली काही उरलं नसतं. म्हणून मला माफी मिळावी असं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. मी सांगणार आहे.

भाऊजी


६ जुलै, रविवार

ती. वहिनींस,

मागच्या रविवारी जीभच उचलली नाही. मूग गिळून बसलो आणि चहा पिऊन घरी आलो. आज सांगितलं.

पंक्चर काढायच्या बाकांवर आम्ही नऊजण बसलो होतो. मी उभा राहिलो, गाडीच्या दाराची आतली बाजू दाखवली आणि म्हणालो, ही खिडकी खोटी आहे, मी रंगवलेली. कोणाला पटेना. डेंटिस्टसाहेबांनी भिंग लावलं, आकड्याने खरवडलं, आणि कड्यांचा सगळा रंग एकाच पापुद्र्यात निघाला. ते मला म्हणाले, "पेंटर, तुम्ही माझ्याकडे कवळी करायला आला होतात तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. खोट्या गोष्टी खऱ्यासारख्या दिसायला हव्यात हा तुमचा हट्ट फार." कोणी हसलं नाही. शॉक तर माझ्याकडे बघतही नव्हता. साइडकार लागली तेव्हा ज्याने मला मिठी मारली होती, तोच.

बाईंनी रजिस्टर पुढे ठेवलं. मी जुनी नोंद खोडायला गेलो तर माझं मनगट धरलं. "खोडायचं नाही. वहिनींचा नियम आहे. खाली लिहा." मी खाली लिहिलं, 'वरील नोंद खोटी आहे. मी तपासले नव्हते.' पन्नास वर्षं अक्षरांवर पोट भरलं, आणि ही ओळ वेडीवाकडी आली.

मग मी 'हात लावू नये'ची चिठ्ठी काढली. एकेकजण गुडघ्यावर बसून बघून गेला. बाई उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "एवढी वर्षं ही आपल्या पुढ्यात होती."

मी म्हणालो, लाल उतरवू या. तिथे वाद सुरू झाला. लोक ती लालच बघायला येतात. पोस्टकार्डावर तीच आहे. शेवटी हात वर करायचे ठरलं. चार हात उतरवायच्या बाजूचे, चार विरुद्ध. पाचवा माझा. स्वतःची अकरा पुटं सोलायला स्वतःच हात वर केला. सध्या फक्त डावी बाजू काढायची, उजवी नंतर बघू, असं ठरलं.

पण वहिनी, एक काटा राहिला. रेघ आईंची आहे असं मी म्हणालो, डाव्या हाताचंही सांगितलं. डेंटिस्टसाहेब म्हणाले, "डावखुरे पुरुषही असतात, पेंटर. मीच आहे." बाईंचंही तेच. एकदा खोटं लिहून झालंय, आता पुराव्याशिवाय पाटीवर कोणाचंही नाव चढणार नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या शब्दाला आता काय किंमत?

भाऊजी


३० ऑगस्ट, शनिवार

ती. वहिनींस,

काल पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काका, आई तुमची पत्रं वाचते. पुन्हा काढून वाचते. बोलत मात्र काही नाही." मी म्हटलं, न बोलू दे. पाकीट न उघडता परत येईल म्हणून मी महिनाभर पोस्टमनला चुकवत होतो.

डावी बाजू जवळजवळ मोकळी झाली. दिवसाला चार बोटं, कधी सहा. हिरव्यावर कोणीतरी खूप वर्षांपूर्वी मेण चोपडलं होतं, त्यामुळे वरचा तपकिरी आणि माझे दोन्ही थर एकत्र सुटतात. जिथे मेण नाही तिथे मात्र एकेक कण काढावा लागतो. डेंटिस्टसाहेबांनी त्यांचे सगळ्यांत नाजूक आकडे मला दिले. माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण शेजारी बसून आकड्याला धार लावून देतात. रविवारी लोक दोरीपलीकडे उभे राहून बघतात. पहिल्यांदा लाल गाडीची अशी दशा का केली म्हणून भांडतात. मग दोरीला रेलून बघत राहतात. एक बाई दोन तास उभी होती. जाताना मला म्हणाली, "पुढच्या रविवारी कुठवर येईल?"

पुढच्या दारावरचा भाग उघडा झाला त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. वहिनी, संपूर्ण दार, तीन फूट, एका ओढीत. एकदा ब्रश भरून एकदाच. रंग कुठे पातळ झाला नाही, कुठे साचला नाही. मी माझ्या ऐन उमेदीत दोन फुटांवर कधी गेलो नाही, आणि त्याचीही फुशारकी मारत फिरायचो. दाराला मधे थोडा बाक आहे, तर रेघही बाकाबरोबर श्वास घेतल्यासारखी किंचित वर येऊन खाली जाते. ते मोजून करता येत नाही. ज्याला पत्रा बोटांनी कळतो त्यालाच ते जमतं. मी तिथे हात जोडले. देवाधर्माचा मी नाही, तुम्हाला माहीत आहे, पण हात आपोआप जुळले.

आता अडचण सांगतो. दारांवर ही अशी रेघ आणि मडगार्डांच्या वर आलो की वेगळीच. पुढच्या मडगार्डावर आणि मागच्याही, दोन्हीकडे तेच. तिथे रेघ वीतवीतभर तुटते. ब्रश टेकवला, वीतभर ओढला, उचलला, पुन्हा टेकवला. दर जोडाला टोक किंचित खाली लवलेलं. नवशिक्याचं काम वाटतं. डेंटिस्टसाहेब म्हणाले, इथे उमेदवार कोणी लावला असेल, म्हणजे हात दोन. बाईंनी पाटीचा मजकूर तयार केलाय: 'रेघ: अज्ञात कारागीर, बहुधा दोन.' २८ सप्टेंबरच्या रविवारी डावी बाजू लोकांसाठी खुली करायची, तोवर पाटी मीच रंगवायची आहे.

अज्ञात हा शब्द मी लिहू शकत नाही. ब्रश घेऊन बसतो आणि उठतो.

भाऊजी


१९ सप्टेंबर, शुक्रवार

वहिनी,

आज मायना वगैरे नाही, आधी ऐका.

तीन आठवडे त्या तुटक रेघेने माझी झोप उडवली. जोड वीतवीतभर का? मडगार्डावरून रेघ मारायची आमची एक रीत आहे. मडगार्डावर जाड कापड टाकायचं, त्यावर पोट टेकून ओणवं व्हायचं, म्हणजे खांदा पत्र्याजवळ जातो आणि हात मोकळा फिरतो. मी उजव्या बाजूला, अजून लाल असलेल्या मडगार्डावर, पुसता येईल अशा खडूच्या रंगाने मारून बघितलं. डावा हातही वापरला. वाकडी आली, पण एकसंध आली. नवशिक्याचीही एकसंधच येते, फक्त थरथरते. आईंची रेघ थरथरलेली नाही. प्रत्येक वीत स्वतःपुरती दाराइतकीच स्वच्छ आहे. दोन हात नव्हेत, हात एकच. मग ती तोडत का होती?

काल दुपारी मी उभा राहून बघितलं. ओणवं न होता, मडगार्डापासून दूर राहून, हात पुरता लांबवून. तशी वीतभरच रेघ निघते. मग मनगट संपतं आणि टोक खाली लवतं. पाय सरकवायचे, पुन्हा वीतभर. शेजारी ठेवून बघितली, तर हुबेहूब तीच. म्हणजे रेघ मारणारी बाई ओणवी झालीच नाही. हातात एवढी कला असलेलं माणूस मडगार्डावर पोट का टेकणार नाही?

मी जुन्या व्हॅनच्या सीटची गोल उशी काढली आणि दोरीने पोटाला बांधली. सदरा वरून घातला. आणि मग पुन्हा मडगार्डापाशी गेलो. तेवढ्यात बाई आल्या, मागून डेंटिस्टसाहेब आणि शॉक. अडुसष्ट वर्षांचा पेंटर पोटाला उशी बांधून, डाव्या हातात ब्रश घेऊन, गाडीला अंग लागू नये म्हणून मागे झुकून उभा. शॉक म्हणाला, "पेंटरकाका, बरं वाटतंय ना?" अडीच महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी म्हणालो, "मोजा. जोड मोजा." डेंटिस्टसाहेबांनी पट्टी लावली. आईंची वीत, माझी वीत. आईंच्या टोकाचं लवणं, माझ्या टोकाचं लवणं. त्यांनी दोनदा मोजलं. मग पट्टी खाली ठेवली.

मी त्यांना म्हणालो, "डावखुरे पुरुष असतात, मान्य. पण सात महिन्यांचा गरोदर पुरुष कुठे पाहिलाय का, डॉक्टर?"

बाईंनी पुढची सीट उचलली. तिच्याखाली पितळी पट्टी आहे, सांगाडा तयार झाल्याचा महिना आणि साल त्यावर ठोकलेलं आहे. फेब्रुवारी. तुमचा वाढदिवस मला पाठ आहे, त्या दिवशी दादा दुकान बंद ठेवायचा. एप्रिल. आणि साल तेच, वहिनी. तुमच्या जन्माचं.

आम्ही चौघं तिथेच जमिनीवर बसलो. माझ्या पोटाला उशी तशीच होती, सोडायचं सुचलंच नाही. शॉक म्हणाला, "म्हणजे वहिनी तेव्हा इथे..." आणि त्याने माझ्या पोटावरच्या उशीकडे बोट दाखवलं. त्या कारखान्यात, त्या बाकीच्या पुरुषांत, पाय सुजलेल्या एका बाईने शेवटची रेघ हातात घेतली. जिथे जवळ जाता आलं तिथे तीन फूट एका ओढीत नेली. जिथे नाही तिथे वीतवीत मारली, पण सोडली नाही. नंतर कामावर का गेली नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, सांगायला कोण उरलं होतं? मी आयुष्यभर रेघा ओढल्या. अशी रेघ असू शकते हे मला काल कळलं.

बाईंनी मजकुराचा कागद घेतला, अज्ञात कारागीर खोडलं आणि तुमच्या आईचं नाव लिहिलं. रजिस्टरात तुमच्याच हातचं होतं ते, पहिल्या पानावर. पाटी मी आज सकाळी पुरी केली. खाली माझी सही घातली नाही. उजवी बाजूही उतरवायची ठरली आहे, या वेळी हात वर करायला कोणी सांगितलं नाही, सगळ्यांनी आपणहून केले. पुटं माझी आहेत, ती मीच सोलीन.

तुम्ही या किंवा येऊ नका, माझं तोंड बघा किंवा बघू नका, तो तुमचा अधिकार. पण आलात तर मागच्या मडगार्डापाशी थोडा वेळ एकट्या उभ्या राहा. पत्रा आणि तुमच्या आईचा खांदा यांच्या मधे हात-दीड हात जागा सुटली होती, म्हणून ती रेघ तुटली. ती जागा रिकामी नव्हती, वहिनी. तिथे तुम्ही होतात.

भाऊजी